चिठ्ठ्यांची मागची बाजू

१८९९ सालच्या मार्चमध्ये हेस्टर लव्हडे आठवडाभर मारामारीतच बसली होती. शब्दकोशाच्या कचेरीत तिच्या टेबलावर एकाच इंग्रजी शब्दाच्या दोन हजार चिठ्ठ्या पडल्या होत्या. शब्द होता 'स्ट्राइक'. मारणे. घड्याळाने ठोके देणे, काडी ओढणे, नाणे पाडणे, वीज कोसळणे, साप डसणे, कामगारांनी संप करणे. प्रत्येक चिठ्ठीवर कुठल्याशा पुस्तकातलं एक वाक्य असे. हेस्टरने ते वाचायचं, अर्थ ठरवायचा आणि चिठ्ठी त्या अर्थाच्या ढिगात टाकायची. मारण्याचा ढीग सगळ्यात उंच झाला होता. त्यात कुऱ्हाडी होत्या, थपडा होत्या, एका सरदाराचं मुंडकं होतं.

"सकाळपासून किती मुडदे पाडलेत, बाई?" समोरून टॅप्स्कॉटने विचारलं.

"एकोणीस. तुम्ही असेच बोलत राहिलात तर वीस."

चिठ्ठ्या गावोगावचे हौशी वाचक पाठवत. त्यासाठी नवा कागद कोण वाया घालवणार? जुनी पत्रं, वाण्याची बिलं, चर्चची पत्रकं कात्रीने कापायची आणि कोऱ्या बाजूवर वाक्य उतरवायचं. मागची बाजू कामाची नसे, पण टॅप्स्कॉट ती हटकून वाचायचा. "'माझ्या प्रि' एवढंच आलंय. 'ये' कुठं गेली हो?" असं म्हणत तो टेबलाखालीसुद्धा शोधायचा. आदल्या उन्हाळ्यात अशाच हौशी वाचकांपैकी एक, शाळेतले थ्रेल मास्तर, बायकोला कचेरी दाखवायला घेऊन आले होते. त्या विनोदाला सगळ्यांत जास्त हसली होती ती लिडिया थ्रेलच.

आता तीच लिडिया तुरुंगात होती. पाच मार्चला संध्याकाळी तिने नवऱ्याच्या डोक्यात निखारे ढोसायची लोखंडी सळई घातली होती. तीन घाव, तिन्ही मागून. मास्तर खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. भिंतीवर रक्त छतापर्यंत उडालं होतं, असं वर्तमानपत्रात आलं. ते मला मारायचे, एवढंच ती सांगत होती. शेजाऱ्यांनी कधी आवाज ऐकला नव्हता. शाळेतली पोरं म्हणाली, मास्तर तर छडीही उचलत नसत.

"फासावर जाणार बाई," टॅप्स्कॉट म्हणाला. त्या दिवशी त्याने विनोद केला नाही.

दुसऱ्याच दिवशी हेस्टरला तुरुंगातून लिडियाचं कार्ड आलं. 'ह्यांनी तुमच्यासाठी बांधलेलं शेवटचं पुडकं तुमच्याकडे आहे. एकेक चिठ्ठी त्यांनी जीव लावून लिहिली होती. जपून पाहा.'

हेस्टरला भरून आलं. ज्याचा खून केला त्या नवऱ्याबद्दल असं लिहिणारी बाई! तिने पुडकं शोधलं. टपालाचा शिक्का तीन मार्चचा होता. दोरा सोडताना एक चिठ्ठी उलटी पडली. मागे बायकी अक्षर होतं.

'त्यांनी मला केसांना धरून जिन्यावरून'

तिने दुसरी उलटली, तिसरी उलटली. चाळीसपैकी नऊ चिठ्ठ्यांवर तेच अक्षर होतं. तिने त्या टेबलावर मांडल्या. जुळवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एका चिठ्ठीचा शेवटचा शब्द वाचावा, तर पुढचा दुसऱ्या चिठ्ठीवर तयारच.

'मार्थाताई, काल त्यांनी मला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं. आधी तोंडात फडकं कोंबलं, म्हणून शेजारी काही ऐकू गेलं नाही. बरगडी मोडली असावी. पुढच्या वेळी सळई, असं म्हणालेत. हे पत्र तुला पाठवायचं धाडस होईल का, ठाऊक नाही.'

हेस्टरने टोपी घातली आणि तडक लिडियाच्या वकिलाचं घर गाठलं.

खटल्यात ती साक्षीला उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर बोलली, पण आवाज कापू दिला नाही. अक्षर लिडियाचं, शिक्का खुनाच्या दोन दिवस आधीचा, पुडकं आपण स्वतः सोडलं.

"पत्र कापलं कोणी?" न्यायाधीशांनी लिडियाला विचारलं.

"त्यांनीच, साहेब. मी ते रद्दीत लपवलं होतं. चिठ्ठ्या तेच कापायचे. माझ्या हाती कात्री द्यायचे नाहीत."

वकील ज्यूरीकडे वळला. "पाहा! मागे काय लिहिलंय ते न बघता या माणसाने आपल्याच कात्रीने कापून आपल्याविरुद्धचा पुरावा टपालात टाकला. ही सळई आज ना उद्या हिच्या डोक्यात बसणारच होती. हिने फक्त ती आधी उचलली."

ज्यूरीने वीस मिनिटांत तिला सोडलं. बाहेर येऊन लिडियाने हेस्टरला मिठी मारली आणि ती हुंदके देऊन रडली.

'स्ट्राइक' पुढे कोशात कितीतरी पानं भरून छापला गेला. साप डसण्याच्या अर्थाखाली थ्रेल मास्तरांनी पाठवलेलं एक वाक्य अजून आहे. टॅप्स्कॉट पहिल्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. वकील न्यायाधीश झाला आणि म्हातारपणी प्रत्येक मेजवानीत नऊ चिठ्ठ्यांची गोष्ट सांगत राहिला. लिडिया कॅनडाला गेली, तिथे तिने दुसरं लग्न केलं. तोही नवरा तिच्या आधीच गेला. दर नाताळला तिचं पत्र यायचं.

हेस्टर बहात्तर वर्षांची झाली तेव्हा ती मुरंब्याच्या बरण्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावत होती. कागद हवा म्हणून तिने लिडियाचं एक जुनं पत्र घेतलं आणि सवयीने, न बघता, सरसर कापलं. मग तुकडे उलटले. एकावर होतं, 'तुमच्यामुळेच मी जिवं'. दुसऱ्यावर, 'त आहे'.

कात्री तिच्या हातात तशीच राहिली. तिला टॅप्स्कॉट आठवला, टेबलाखाली 'ये' शोधणारा. आणि त्या नऊ चिठ्ठ्या आठवल्या. त्यांच्यावर एकही शब्द कापला गेला नव्हता. कात्री आधी चालली होती, अक्षर नंतर.