पश्चिमेची खिडकी

राजाजीनगरातलं घर विकायला रघुजी तयार होते, पण घेणाऱ्याने त्यातली एक वीटही हलवायची नाही, अशी त्यांची अट होती. १९५७ साली एका नामांकित आर्किटेक्टने पारदर्शक कागदावर त्याचा नकाशा काढून दिला आणि ते विलायतेला निघून गेले. मग मेस्त्रीने त्या नकाशाला हळदकुंकू वाहून पाया खणला. हॉलच्या भल्या मोठ्या पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन असं डोळ्यांत घुसायचं की रघुजींच्या पत्नी गोजराबाई चाळीस वर्षं घरात छत्री उघडून संध्याकाळचा चहा पीत होत्या.

"एवढ्या मोठ्या माणसाने काहीतरी विचार करूनच ठेवली असेल ना?" असं म्हणत रघुजींनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली.

चौथी आलेली चंदना मात्र हटून बसली. "खिडकी स्वल्प लहान करू द्या अण्णा, आजच घर घेते."

तिची खात्री पटवायला रघुजींनी आता म्हैसुरात राहणाऱ्या त्या आर्किटेक्टनाच बोलावून आणलं. ऐंशीचे गृहस्थ सोफ्यावर बसले, डोळ्यांवर हात धरला आणि त्यांनी जुना नकाशा मागवला. तो एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या बाजूने पाहिला आणि खो खो हसत सुटले.



"रघुजी, हळदकुंकू कागदाच्या पाठीला लागलंय! मेस्त्रीने नकाशा उलटा धरून घर बांधलं. ही खिडकी मी पूर्वेला काढली होती."