अंतऱ्याआधीचा दम

स्मरणसभेचा सराव चालू होता. यंदा गेलेल्या गायकांना यंत्र त्यांच्या जुन्या गाण्यांवरून पुन्हा गायला लावत होतं. लिस्बनच्या बाईंचं झालं, सेनेगलच्या म्हाताऱ्याचं झालं. मग वसुमतीबाई नवऱ्याच्या साथीला पेटीवर बसल्या. आवाज हुबेहूब उमटला आणि अंतऱ्याआधी थांबला.

"हे दम लागणं तरी काढायचं होतंस," त्या म्हणाल्या. "त्यावरून मी जन्मभर टोचून बोलले त्यांना."

"काकू, जुन्या ध्वनिमुद्रणांत दुसरं कुणी साथीला असलं की ते तिथे थांबतच नाहीत," यंत्रावरची नफिसा म्हणाली. "यंत्राने तुमचा हात ओळखला."

वसुमतीबाईंनी अंतऱ्यावर जाताना नेहमी मागे पडणाऱ्या आपल्या बोटांकडे पाहिलं. आवाज अजून थांबलेलाच होता. त्यांनी सावकाश अंतऱ्याचा सूर धरला, तेव्हाच ते पुढे गायले.