मोठ्या आईचं हाड

"मावशी, सांधा बदलताना तुमच्या खुब्यातलं झिजलेलं हाड आम्ही काढणारच आहोत. ते पृथ्वीराजला दिलं तर चालेल?"

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी असं विचारलं आणि धुरपदाचं डोकंच फिरलं. पृथ्वीराज तिच्या सवतीचा, साखरबाईचा मुलगा. दौंडच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली, मांडीचं हाड मोडलं आणि काही केल्या जुळेना. त्याच्याच कमरेचं हाड काढून भरलं, तेही वाया गेलं.

धुरपदाला दोन मुली. मुलगा हवा म्हणून नवऱ्यानं, आनंदरावांनी, साखरबाईला आणलं होतं. नवरा तिनं नेला, घरातला मान तिनं नेला. आता हाडंसुद्धा तिच्याच पोराला?

"काय करनार त्याचं?"

"तपासून, शुद्ध करून, बारीक तुकडे करू. त्याच्या हाडातला मगज त्यात मिसळून भरू. त्या आधारानं त्याचं स्वतःचं हाड वाढेल."

धुरपदाच्या डोळ्यांपुढं साखरबाईचा चेहरा आला. मग म्हणाली, "घ्या. पन कुनाचं हाड हाय ते त्याच्या आईला माझ्यादेखत सांगा. ह्यापुढं तिचा ल्योक माझ्या हाडावर उभा ऱ्हाईल."

डॉक्टरांनी सांगितलं. साखरबाईनं नुसती मान खाली घातली. त्या दिवशी धुरपदाला दवाखान्यातलं आळणी जेवणही गोड लागलं.

काही महिन्यांनी हाड जुळलं. निमोणे गावातल्या घरी पृथ्वीराजनं कुबड्या टाकल्या आणि पहिल्यांदाच आधाराशिवाय चालला. अंगण एकच, चुली दोन. आईच्या दारावरून तो तसाच पुढं आला आणि धुरपदासमोर उभा राहिला.

"मोठी आई, बघ! तुझ्यामुळं चाललो."

शेजारपाजारच्या बायका बघत होत्या. हेच तर तिला हवं होतं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सहज पलीकडं पाहिलं.

साखरबाई चौकट घट्ट धरून उभी होती. तिची नजर पोराच्या डोक्यावरच्या त्या हातावर खिळली होती. धुरपदानं ती नजर ओळखली. इतकी वर्षं आरशात तिला हीच दिसत आली होती.

तिनं चटका बसल्यासारखा हात काढला.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती खेकसली. "जा, आधी तिला चालून दाखव. आई हाय ती तुझी."