वॉशिंग मशीनमागचं बिऱ्हाड

वॉशिंग मशीनच्या मागे काहीतरी खरखरलं आणि बॅगा भरता भरता मसूदाचा हात थबकला. वाकून पाहिलं तर मुंगूस. दोन पिल्लं पोटाशी घेऊन तिच्याकडे रोखून बघत होतं. तिनं सहा वर्षांच्या इक्राला चटकन मागे ओढलं आणि इमारतीचे केअरटेकर फारुखभाई यांना फोन लावला.

ते पिंजरा घेऊनच आले. "भाभी, हल्ली सलमाबादमध्ये ही घराघरांत शिरतायत. जात मूळची आपल्याकडचीच. शुक्रवारी नवीन भाडेकरू यायच्या आत यांना खलास करायला पाहिजे."

मसूदानं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. तिच्या नवऱ्याची, राहीलची, नोकरी गेली होती, इथल्या आखाती देशातल्या व्हिसाचे चार दिवस उरले होते, आणि इक्राला वाटत होतं की आपण सुट्टीपुरतं रत्नागिरीला चाललोय.

फारुखभाईंनी जाड हातमोजे घालून पिल्लं पिंजऱ्यात ठेवली. त्यांच्यामागोमाग आईही आपणहून आत शिरली आणि दार पडलं. ती गजांवर धडका देऊ लागली, तशी इक्रा मुसमुसायला लागली.

"रडू नको गं बाय," मसूदानं तिला जवळ घेतलं. "त्यांना कोण मारणार नाही. घरी परत पाठवणार आहेत, इंडियाला. आपल्या घरी गेलं की कसं बरं वाटतं, नाही का?"

इक्रानं डोळे पुसले. ती पिंजऱ्याजवळ जाऊन उकिडवी बसली.



"पण अम्मी, बेबीज तर इथंच बॉर्न झालेत ना, माझ्यासारखे? मग ते परत कसे जाणार?"