पहिला पेशंट

न कापता, नुसत्या ध्वनिलहरींच्या उष्णतेनं गाठ जाळणारं यंत्र घडवायला संपदा पेंढारकरला अकरा वर्षं लागली. पहिल्या चाचणीला टेबलावर तिचे गुरू बर्वे सरच झोपले होते.

सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांच्या स्वादुपिंडातली गाठ दिसली. गाठीनं मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातला होता. गाठ जाळली, तर रक्तवाहिनीही फुटणार होती.

"सर, नाही करता येणार."

"तसाही दोन महिन्यांचाच सोबती आहे मी. कर चालू."

"माझ्या हातून टेबलावरच जाल, सर."

सर पोटावरची जेली पुसत उठले.

"बाहेर यादीतल्या दुसऱ्या पेशंट बाई बसल्यात, त्यांची गाठ लहान आहे. त्यांना घे."

शर्टाची बटणं लावतच त्यांनी त्या बाईसाठी दार उघडून धरलं.