वाढ: एक

यादीत धम्मप्रियाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वाढ: एक'. शेजारी शेरा होता, 'शिकण्याची क्षमता कमी.'

उज्वलाबाईंनी फलकावरचा तो कागद टाचणीसकट ओढला आणि क्रीडा वसतिगृहाच्या निवड अधिकाऱ्यांसमोर आपटला.

"साहेब, माझ्या लेकीनं सोमवारी डाव्या हातानं दहातले आठ चेंडू झेलले. आज नऊ. ही ढ कशी काय?"

"बाई, आम्ही खेळ मोजत नाही, मुलगी नवीन किती शिकते ते मोजतो. आजच्या गुणांतून सोमवारचे वजा करायचे. ही ऋतुजा बघा. सोमवारी शून्य, आज आठ. वाढ आठ."

"आठ मोठे का नऊ?"

"नियम आहे."

नियम म्हटलं की झालं! पाच दिवस चाकूरहून पहाटेच्या एसटीनं उभ्यानं येणारी पोर पहिल्याच दिवशी शिकली, हा तिचा गुन्हा. साहेबांनी कागद सरळ केला आणि पुढच्या पालकांना हाक मारली.

बाहेर धम्मप्रिया नळापाशी उभी होती, शेजारी ऋतुजा पाणी पीत होती. धम्मप्रियाची वाढ ऐकून ऋतुजाला खरंच वाईट वाटलं.

"अगं, सोमवारी सगळे पाडायचे असत्यात. आमच्या क्लासमधी महिनाभर तेच शिकवलं. तुला कुणीच सांगितलं न्हाई?"

लातूरच ते. इथं परीक्षा जाहीर व्हायचा अवकाश, तिचा क्लास निघालाच म्हणून समजा. पण न झेलण्याचाही क्लास असतो, हे उज्वलाबाईंना आज कळलं. त्यांचं डोकं सणकलं. त्या लेकीकडं वळल्या.

"पुढच्या वर्षी बसता येतंय ना गं तुला?"

"हाव. शेवटचं. मग वय जातंय."

बाईंनी पोरीच्या पिशवीतून चेंडू काढला. मैदानाच्या भिंतीपाशी तिला उभं केलं. त्या स्वतः चार पावलं मागं सरकल्या.

"पाड."

चेंडू गेला. धम्मप्रियाच्या डाव्या हातात बसला.

"पाड म्हणलं ना!"

पुन्हा झेलला. तिसऱ्यांदा बाईंनी रागानं लांब, वेडावाकडा फेकला. पोर धावली, वाकली, आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत तिच्या मुठीत होता.

धम्मप्रिया मुठीकडं बघत राहिली. तिला रडू फुटलं.

"आई, मला न्हाई गं शिकता येत हे."