देऊळ कुठंय?

"देऊळ कुठंय ते सांग!"

बाल्दुच्ची साहेबानं छापील चित्र टेबलावर आपटलं, तशी शाईची दौत हिंदकळली. दारात दोन शिपाई उभे. एकाच्या हातात बेड्या.

चित्र ओराझियोनंच काढलेलं होतं. मोडके खांब, अर्धी ढासळलेली कमान, फटीफटीतून वर आलेलं अंजिराचं झाड. सगळ्या रोममध्ये हातोहात खपलेलं.

"साहेब, असं देऊळ कुठंच नाहीये. मी ते मनानं काढलंय."

"मनानं!" साहेब हसला. "आणि ही पायरी? लोकांचे पाय पडून पडून मधोमध झिजलेली? हीपण मनानंच झिजली?"

पोपच्या राज्यात जमिनीतून निघालेला प्रत्येक जुना दगड पोपचा. तो दडवला की गलबतावर वल्ही मारायची शिक्षा. तिथून माणूस परत येत नाही, आलाच तर बायकोलाही ओळखू येत नाही. आणि हा बाल्दुच्ची साहेब पोपसाठी टेकड्या खणण्यात म्हातारा झालेला. हाती काय लागलं? खापरं!

ओराझियोची बायको नुन्झियाता आतून तरातरा आली. हाताला पीठ तसंच.

"अहो साहेब, ह्या माणसाला भाजीला धाडलं तर हा रस्ता चुकतो! हा देऊळ शोधणार? चित्रात ती धुणं वाळत घालणारी बाई आहे ना, ती मी आहे, मी! नाक बघा माझं!"

साहेबानं चित्रातलं नाक बघितलं. मग तिचं बघितलं.

"हुबेहूब," तो म्हणाला. "म्हणजे तूही तिथं होतीस."

नुन्झियाताच्या तोंडचं पाणीच पळालं. बेड्यावाला शिपाई पुढं सरकला.

"थांबा!" ओराझियो ओरडला. "एक कागद घेऊ द्या. इथंच, तुमच्या डोळ्यांसमोर नवीन देऊळ काढून दाखवतो. जागचा हलणार नाही. मग तर पटेल?"

साहेबानं मान हलवली.

पहिली रेघ थरथरली. दुसरी नाही. आणि मग काय सुटला तो! जिवाच्या भीतीनं काढत होता, पण असं आयुष्यात कधी काढलं नव्हतं. घुमट फुटला, त्यातून ऊन धाडकन आत पडलं, खाली पाणी साचलं, पाण्यात खांब उलटे उभे राहिले. शिपाईसुद्धा बेड्या खाली ठेवून माना उंचावून बघायला लागले.

साहेब वाकला. चष्मा पुसला, परत वाकला. त्या पाण्याला त्यानं हळूच बोट लावलं. बोट काळं झालं. त्याचे डोळे भरून आले.

सुटलो, ओराझियोला वाटलं.

"अरे चोरा," साहेब कापऱ्या आवाजात म्हणाला, "अशी आणखी किती दडवलीयस?"